पिराजीची पाचवी गाडी

पिराजीनं आयुष्यात एकदाच वीस कोटी रुपये खर्च केले, आणि तेही गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, उकिडवं बसून, म्हशीच्या सडाला हात असताना. पैसे अर्थातच त्याचे नव्हते. त्याच्या खिशात त्या वेळी सुट्टी नाणी आणि तंबाखूची पुडी यापलीकडं काही नव्हतं. पण गाड्या त्यानं निवडल्या, आणि त्या आल्यासुद्धा. आज उचगावच्या बाजूला, हायवेलगतच्या काचेच्या गॅरेजात त्या पाचही उभ्या आहेत. त्यातल्या पाचवीनं पिराजीला कसा घोळात घेतला, तेवढं सांगायचं आहे.

पिराजी गवळी गल्लीतला. चाळिशी जवळ आलेली, दंड पैलवानाचे आणि कंबर म्हाताऱ्याची, कारण कळत्या वयापासून गडी बसला तो म्हशीच्या पोटाखालीच. गोठ्यात म्हशी चार. तीन गुणी, कुणीही बसावं, दूध घेऊन उठावं. चौथी मैना. काळीभोर, लांब शिंगांची, रस्त्यानं चालली की रस्ता तिच्याच बापाचा. चौघींत जास्त दूध तिचं, आणि घर चालायचं ते तिच्यावरच. पण पिराजीशिवाय दुसरा हात लागला की बाई पान्हा चोरायची आणि वर लाथही घालायची. तिची आईही तसलीच होती. पिराजीचे वडील वारले तेव्हा तो आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं शिकत होता. वडलांमागं मैनाच्या आईनं कुणालाच पान्हा सोडला नाही, आणि एका पहाटे रडून डोळे सुजलेला पिराजी तिच्याखाली बसला तर तिनं भांडं भरून दिलं. त्याची आई, जिला सगळी गल्ली आक्का म्हणते, हात जोडून म्हणाली, “बघ, तुला वळखलं तिनं.” त्या दिवशी आयटीआय सुटलं. लोक म्हणाले, पोराचं नशीब. नशीबच ते, पण चांगलं की वाईट, हे कुणी पोराला विचारलं नाही.

तेव्हापासून पहाटेची धार आणि संध्याकाळची धार. या दोन धारांच्या मधे जेवढं जग मावतं तेवढंच पिराजीनं बघितलं. हातकणंगल्याच्या स्टेशनावर तो बहिणीला सोडायला गेला होता. डब्यात चढून पिशव्या फळीवर ठेवल्या आणि गाडी हलायच्या आत खाली उतरला. रेल्वेचा तेवढाच त्याचा प्रवास. स्वतःचं लग्न आजऱ्याला झालं, बायको निशिगंधा तिथली. अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि नवरदेव मुंडावळ्या खिशात कोंबून एकाच्या मोटारसायकलवरनं कोल्हापूरला पसार, कारण म्हशीची वेळ झाली होती. नवरी मागनं वऱ्हाडाच्या टेंपोतनं आली. निशिगंधा अजून सांगते, “माझ्या लग्नात मी एकटीच व्हतो.” सांगताना ती हसते, पण दर वेळी नाही.

मैनाला विकूया, असं त्यानं एकदा काढलं होतं. आक्का काही बोलली नाही. ती फक्त जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग पिराजीनंच ताट तिच्यापुढं सरकवलं आणि तो विषय पुन्हा तोंडातनं काढला नाही. भांडणारी आई परवडली. निदान उलटं बोलता तरी येतं.

त्याची इच्छा ऐकाल तर हसाल. एक रात्र कुठंतरी लांब झोपायचं, आणि सकाळी ऊन तोंडावर आल्यावर उठायचं. बस्स. आपण सगळे सुट्टीच्या दिवशी करतो तेवढंच. पिराजीला ते इतकं लांबचं वाटायचं की तो ते बोलून दाखवायलाही लाजायचा. निशिगंधाला तेवढं सांगितलं होतं.

आणि दुसरा नाद गाड्यांचा. आयटीआयमध्ये अर्धं खोलून ठेवलेलं इंजिन त्याच्या डोक्यात कधी जोडलंच गेलं नाही. मोबाईल हातात आल्यावर तर गडी पारच वाया गेला. शर्यतीच्या गाड्या, इटलीच्या, जर्मनीच्या, जपानच्या. धार काढताना हात गुंतलेले आणि डोळ्यांपुढं म्हशीचं पोट, पण कान तर मोकळे होते. तौसीफ म्हणून त्याचा शाळेपासूनचा दोस्त आहे, कट्ट्यामागच्या बोळात सायलेन्सरचं काम करतो. त्यानं एक बारका स्पीकर आणून गोठ्याच्या खुंटीला अडकवला. मग रोज पहाटे गवळी गल्लीत फेरारी किंचाळायला लागली.

“देवाचं काय तरी लाव की रं,” आक्का म्हणायची. “सकाळच्या पारी हे काय भुतागत वरडतंय?”

“देवाला काय, उठल्या उठल्या आराम हाय,” पिराजी म्हणायचा, आणि आवाज थोडा कमी करायचा.

आता मैनाची अजून एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशींची मिरवणूक निघते, सगर म्हणतात तिला. म्हशींची शिंगं रंगवायची, अंगावरचे केस नक्षीत भादरायचे, कपाळाला मोरपीस, गळ्यात कवड्या. आणि मालक पुढं पुंगळी काढलेल्या मोटारसायकलवर. सायलेन्सरच नसलेली ती गाडी ढणढणत पळते आणि म्हैस त्या आवाजामागं जीव खाऊन पळते. शंभर गाड्यांतनं म्हैस आपल्या मालकाचा आवाज ओळखते, यात गवळ्याची सगळी अब्रू. मैना पिराजीच्या वडलांच्या जुन्या बुलेटमागं पळायची. पाडव्यालाच कशाला, रोज संध्याकाळी गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकायचं म्हणून कट्ट्यावर जायची तीही बुलेटच्या मागनंच, दावं हातात धरावं लागत नसे. म्हणून पिराजी इतर कामाला बुलेट कधी काढायचा नाही. काढली की मैना खुंट्याला हिसके द्यायची. एवढं सगळं या शहाण्याला पक्कं माहीत होतं, हे लक्षात ठेवा.

उदयसिंह हे कट्ट्यावरचं जुनं गिऱ्हाईक. लहानपणी वडलांचं बोट धरून उभ्याउभ्या फेसाळ दूध प्यायला यायचे, पुढं शिरोलीला फौंड्री वाढली तरी यायचे सुटले नाहीत. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे भाग ओतले, आणि वडील असेपर्यंत स्वतः जुन्या पांढऱ्या मोटारीतनं फिरले. वडील गेले, अर्धा धंदा पुण्याच्या कंपनीनं विकत घेतला, आणि उदयसिंहांना पन्नाशीत एकदम पोरपणा सुचला. गॅरेज बांधायचं, त्यात पाच गाड्या, वीस कोटींत बसवायच्या. पुतण्या एक सांगायचा, शोरूमवाले दुसरंच, आणि मुंबईचा एक एजंट तर रोज नवी गाडी लग्नाच्या मुलीसारखी दाखवायचा.

एका संध्याकाळी ते ग्लास हातात धरून उभे होते. मैनाच्या पाठीवर स्पीकर ठेवून पिराजी धार काढत होता.

“कुठली रं ही गाडी?” त्यांनी विचारलं.

“पोर्श हाय दादा. नाईन इलेव्हन.”

“बरी असती का? घ्यायची म्हणतोय मी एक.”

पिराजीचे हात थांबले नाहीत, पण मान वर झाली. “घरची म्हैस हाय ती. रोज काढा, लाथ मारत न्हाय. आन् म्हातारी झाली तरी भाव पडत न्हाय.”

उदयसिंहांनी पुन्हा एक ग्लास मागितला. “आनी दुसरी? समज तुलाच वीस कोटी दिल्यात.”

तिथनं ते सुरू झालं. होळी येऊन गेली तरी कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. पिराजी धार काढतोय, दादा मिशीचा फेस पुसतायत आणि भोवतीनं पैलवान, रिक्षावाले, रिकामटेकडे असा सगळा दरबार. दुसरी लॅम्बोर्गिनी ठरली. “ती फिरायला न्हाय, दारात उभी करायला,” पिराजी म्हणाला. “फकस्त नाक उचलायचं बटण घ्याच. न्हायतर आपल्या गतिरोधकावर ती पोटावर बसंल.” तिसरी फेरारी, तिच्या रंगावरनं दोघांचं चार दिवस वाजलं, पिराजीला निळी हवी होती, दादांनी लालच घेतली, कारण पैसे दादांचे. चौथी जपानची निसान, कट्ट्यावरच्या पोरांच्या एकमतानं. एका पैलवानानं काळजीनं विचारलं, “ह्यात मी बसतो का रं?” पिराजीनं त्याच्याकडं खालपासनं वरपर्यंत पाहिलं. “बसशील. पर निघायचा न्हाईस.”

म्हैस घेताना जसं बघतात तसंच तो गाडीचं बघायचा. मागचा भाग, चाल, खाणं, स्वभाव. एकाही गाडीला त्यानं बोट लावलेलं नव्हतं आणि तो ते लपवतही नव्हता. कधीकधी त्याचं साफ चुकायचं, पुतण्या मोबाईल पुढं करून दाखवून द्यायचा, आणि पिराजी “मग ऱ्हायलं” म्हणून मोकळा व्हायचा. अशा संध्याकाळी त्याला जे सुख मिळायचं ते सांगता येण्यासारखं नाही. संपलं की तो बुलेट चालू करून मैनाला घेऊन घरी जायचा, वैरण टाकायचा, आणि पहाटे पुन्हा तिच्याच पोटाखाली बसायचा.

राहिली पाचवी. उरलेल्या पैशांत अजून एक नामांकित इटालियन बसत होती आणि एजंटानं तिची जागाही झाडून ठेवली होती. पिराजी मान हलवत राहिला. “मस्टँग घ्या.” सगळा कट्टा हसला. बाकीच्यांच्या मानानं ती स्वस्तातली गाडी. वीस कोटींच्या पंगतीत भाकरी वाढल्यासारखं झालं. पण पिराजीनं स्पीकर मोठा केला. खालच्या आवाजात, घशातनं, ढण ढण ढण. बाकीच्या चारी किंचाळतात, ही बोलते.

“का म्हनून रं हीच?” दादांनी विचारलं.

“म्हाईत न्हाय दादा. पर ही ऐकली की जीव हिकडंतिकडं पळत न्हाय.”

तौसीफ कोपऱ्यातनं बघत होता. सायलेन्सरमध्ये जन्म घालवलेला माणूस, त्याला आवाज कळतो. तो म्हणाला, “अरे, चार बुलेट एका दाव्याला बांधल्यात ह्यात.” पुन्हा हशा झाला आणि बोलणं तिथंच राहिलं. उभ्या जगातली कुठलीही गाडी माग म्हटल्यावर या बाबानं आपल्या बापाची बुलेटच मागितली होती, आणि ते त्याच्या त्यालाही कळलं नाही.

उदयसिंह मनाचे दिलदार. त्यांनी ग्लास कट्ट्यावर आपटला आणि म्हणाले, “घेतली! आनी आली की गोव्यापतूर तू चालवायची. एक मुक्काम तिथं. पाची गाड्या घिऊन जाऊया दिवाळीच्या पाडव्याला.”

पिराजीच्या हातातली धार भांड्याबाहेर गेली.

गाड्या एकेक करून आल्या. अंबाबाईला नारळ झाले, चाकांखाली लिंबं चिरडली, पेपरात फोटो आले. दोन धारांच्या मधे वेळ काढून पिराजी उचगावला जाऊन आला. काचेचं गॅरेज, खाली फरशी अशी की जेवायला बसावं. पाची गाड्या ओळीनं, अंगावर मऊ झुली घातलेल्या, आणि प्रत्येकीच्या नाकाखालनं एक वायर भिंतीपर्यंत गेलेली. उभ्याउभ्या बॅटरी उतरते, म्हणून चार्जिंगला लावल्यात, असं तिथल्या माणसानं सांगितलं. दादांना चालवायला सवडच मिळत नव्हती. पिराजी त्या ओळीकडं बघत उभा राहिला आणि त्याला एकदम गुदमरल्यासारखं झालं. चार दिवसांपूर्वीपर्यंत त्याला वाटायचं, या गाड्या म्हणजे सुटका. इथं तर दावण होती, फक्त शेणाचा वास नव्हता.

तरी मस्टँगमध्ये बसल्यावर ते सगळं तो विसरला. वैरणीचा टेंपो चालवणारा हात, पण दादांनी आवारात दोन फेऱ्या मारू दिल्या आणि गडी पाण्यासारखा फिरवून आला.

आता प्रश्न राहिला मैनाचा. एक संध्याकाळ आणि एक पहाट, दोन धारा, आणि त्या काढणार कोण? निशिगंधानं कंबर कसली. पिराजीचा न धुतलेला शर्ट घालून बसली. मैनानं लाथ घातली. त्याच्यासारखं चुचकारून बघितलं. लाथ. आक्का दारातनं म्हणाली, “म्हशीला गोवा कळत न्हाय गं,” आणि आत निघून गेली. पिराजी उंबऱ्यावर बसून राहिला. त्याला वाटलं, हे असंच होणार होतं, आपण उगाच जीभ लांब केली.

निशिगंधा मात्र गोठ्यातच उभी होती. तिची नजर खुंटीवरच्या स्पीकरकडं गेली. गेले कित्येक महिने रोज दोन्ही वेळेला पिराजी मस्टँग लावत होता. तिनं मोबाईल घेतला, लावली. ढण ढण ढण. मैनाचे कान हलले. शेपटी खाली आली. निशिगंधा हळूच बसली, सडाला हात लावला, आणि दूध भांड्यात वाजायला लागलं.

“आवं!” ती आतनं ओरडली. “आवं, हिकडं या! ही तुमची न्हवंच! ही आवाजाची हाय!”

पिराजी धावत आला. बायको म्हशीखाली बसून खदाखदा हसत होती आणि तिच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं. तोही हसला. वडील गेल्यापासून पहिल्यांदा त्याला वाटलं, की दार आहे आणि ते उघडं आहे. मग एक वेडीवाकडी गोष्ट मनात आली. एवढी वर्षं मी हिला माझी समजत होतो, आणि हिला काय, एक आवाज पुरतोय. पण ते त्यानं झटकून टाकलं. त्या रात्री त्यानं पिशवी भरली, एक लुंगी आणि टॉवेल, दुसरं न्यायला त्याच्याकडं काय होतं?

पाडवा उजाडला. मैनाची शिंगं हिरवी रंगवलेली, पाठीवर भादरून काढलेला मोर, गळ्यात कवड्या. बुलेटची पुंगळी तौसीफनं काढून दिलेली. सगरीत मैना अशी पळाली की गल्लीचा ऊर भरून आला. दुपारच्या आत मिरवणूक उरकली, पिराजीनं तिला खुंट्याला बांधलं, तोंडावरनं हात फिरवला आणि म्हणाला, “उद्या येतो गं.” आक्कानं त्याच्या हातावर दही ठेवलं. तिनं अडवलं नाही, आणि त्यामुळंच त्याला जास्त वाईट वाटलं.

चार गाड्या घेऊन दादांचे मित्र पुढं गेले होते. मस्टँग गल्लीच्या तोंडाशी उभी. उदयसिंह स्वतः शेजारच्या सीटवर बसले होते आणि चालकाची जागा मोकळी सोडली होती. पिराजीनं बटण दाबलं. गवळी गल्लीच्या भिंती हादरल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या, “नाद खुळा!” म्हणून कुणीतरी ओरडलं, आणि गाडी निघाली.

गंगावेश मागं पडली. रंकाळा आला, पाण्यावर ऊन होतं, सणाची गर्दी कडेकडेनं. राधानगरीच्या रस्त्याला लागलं की पुढं मोकळं रान, मग फोंडा घाट, मग खाली कोकण, आणि संध्याकाळपर्यंत गोवा. पिराजीची कंबर कित्येक वर्षांत पहिल्यांदा सरळ टेकली होती. “दाब की जरा,” दादा म्हणाले. त्यानं पाय थोडा दाबला, गाडी गुरगुरली, आणि मागं कुठंतरी आरडाओरडा झाला.

त्यानं आरशात पाहिलं.

हिरवी शिंगं. मान पुढं, शेपटी आभाळाला, कवड्यांची माळ एका शिंगाला लटकलेली, आणि मागं दाव्याला खुंटा उपटून आलेला, डांबरावर आपटत, उडत. एक बस करकचून थांबली. मोटारसायकलवाले सैरावैरा. मैना कुणाकडं बघत नव्हती. तिला शिकवलेलं तेच ती करत होती, जीव खाऊन, आवाजामागं. पिराजीनंच शिकवलेलं. डांबरावर तिचा पाय घसरला, गुडघ्यावर आली, उठली, पुन्हा पळायला लागली.

पिराजीनं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. वेग वाढवला असता तर ती फोंड्यापर्यंत पळाली असती आणि मधेच कुठंतरी मेली असती.

मैना येऊन थांबली ती गाडीच्या मागच्या बाजूला, नाकपुड्या फुललेल्या, गुडघ्यातनं रक्त. पिराजी उतरून तिच्याजवळ गेला. तिनं त्याला बाजूला सारून गाडीच्या मागं नाक लावलं, जिथनं आवाज येत होता तिथं. उदयसिंह आधी पोट धरून हसले. मग त्यांनी पिराजीचं तोंड पाहिलं आणि हसायचे थांबले.

तेवढ्यात मोटारसायकलवरनं तौसीफ आला, मागं निशिगंधा. तिनं उतरल्या उतरल्या पदरानं हात झाकला, पण पिराजीला दिसलं. दावं धरायला गेली होती, तळव्याची सालडी पार निघाली होती.

“तुम्ही जावा,” ती म्हणाली. तिला धाप लागली होती. “मी न्हेतो हिला. तौसीफभाई हायती. तुम्ही जावा की!”

“हात बघू तुझा.”

“हाताला काय झालं न्हाय. पाया पडतो तुमच्या, गाडीत बसा. एकदा जावा.”

ती खरंच सांगत होती. त्याच्यापेक्षा तिलाच ते जास्त हवं होतं. आणि पिराजी तिच्या तळव्याकडं बघत उभा होता. गाडी सुरू झाली की हे दावं पुन्हा ताणलं जाणार, आणि ते याच हातात असणार. कुणी त्याला थांब म्हणत नव्हतं. आई नाही, बायको नाही, दादा नाहीत. थांब म्हणणारं कुणीतरी असतं तर त्याच्यावर ओरडून तरी गेला असता.

त्यानं दावं हाताला गुंडाळून घेतलं आणि किल्ली उदयसिंहांच्या हातात ठेवली. “तुम्ही व्हा म्होरं दादा. मंडळी वाट बघत असतील.”

“फुडच्या टायमाला जाऊया,” उदयसिंह म्हणाले. ते चालकाच्या जागी बसले. गाडी सुरू झाली. ढण ढण ढण.

मैनानं हिसका दिला. पिराजी दोन पावलं फरफटला, मग टाचा रोवून उभा राहिला. ती पिराजीकडं ढुंकूनही बघत नव्हती. गाडी लांब चालली होती आणि ती त्या आवाजामागं ओढत होती, आणि ती ज्याच्यामागं जाऊ पाहत होती त्याच्याचमागं त्यालाही जायचं होतं. दोघं एकाच गाडीकडं तोंड करून उभे, आणि एकानं दुसऱ्याला धरून ठेवलेलं. पिराजीला हुंदका आला. भर रस्त्यात, सणाच्या दिवशी, चाळिशीचा गडी रडला, आणि निशिगंधा त्याच्या आड येऊन उभी राहिली, लोकांना दिसू नये म्हणून.

आवाज विरला तरी मैना हलेना. ओढली, चुचकारली, तौसीफनं मागनं ढकललं. बुलेट घरी, आणि तौसीफची मोटारसायकल तिच्या लेखी गाडीच नव्हे. मग पिराजीनं खिशातनं मोबाईल काढला, मस्टँग लावली, आवाज पूर्ण वाढवला आणि हात वर धरून चालायला लागला. मैना लगेच वळली. लंगडत, शांतपणे, त्याच्यामागं.

रंकाळ्याच्या कडेनं ती वरात परत निघाली. पुढं मोबाईल उंच धरलेला पिराजी, मागं हिरव्या शिंगांची म्हैस, तिच्यामागं हात पदरात धरलेली निशिगंधा. भेळेच्या गाडीपाशी कट्ट्यावरचा तो पैलवान उभा होता.

“पिराजी! गोव्याला गेलतास न्हवं?”

“जाऊन आलो की,” पिराजी म्हणाला, आणि हात खाली न घेता चालत राहिला. संध्याकाळच्या धारेची वेळ होत आली होती.